घरी सीअर्ड ट्यूना: तव्यावर दोन मिनिटं, बाकी सगळी तयारी

ट्यूना म्हणजे आपला कुपाच, पण सुरमईसारखा हळद-मीठ-तिखट लावून रव्यात घोळवून तळायला घेतलात तर घशाखाली उतरत नाही, भुसा लागतो. मी पहिल्यांदा नेमकं हेच केलं होतं. साडेतीनशे ग्रॅमचा महागडा तुकडा, आलं-लसणाचं वाटण लावून तासभर मुरवला, मग मध्यम आचेवर निवांत सहा-सहा मिनिटं दोन्ही बाजूंनी. आईने एक घास खाल्ला आणि म्हणाली, अरे मासा आहे का खोबऱ्याची वडी. त्यानंतर बडोद्यातल्या ओळखीच्या चार-पाच घरांत लोकांनी हा प्रकार करून बघितला आणि फोन आले, कुणाचा करडा झाला, कुणाचा तव्याला चिकटून फाटला, एकाकडे तर धुराने शेजारच्या बेन दार वाजवायला आल्या. चुका सगळ्यांच्या सारख्याच, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

सीअर करणं म्हणजे बाहेरून कडक झटका, आत लालसर आणि जवळजवळ कच्चा. तव्यावरचं काम जेमतेम दोन मिनिटांचं आहे. त्यामुळे जे बिघडतं ते बहुतेक तव्याच्या आधीच बिघडलेलं असतं, आणि मी खाली तयारीवरच जास्त बोलणार आहे.

## १. मासा: इथे चुकलात तर पुढचं वाचूच नका

समुद्र आपल्याकडून लांब आहे. मासळीचं मोठं बंदर वेरावळ, तेही बडोद्याहून चारशे किलोमीटरच्या वर. बाजारात बर्फावर ठेवलेला कुपा दिसायला कितीही तुकतुकीत असला तरी तो बोटीवर किती वेळ उन्हात होता, टेम्पोत बर्फ कधी वितळला, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. त्यामुळे माझा साधा नियम: बाजारातला ओला कुपा किंवा गेदर (हाही ट्यूनाच) आणला तर तो पूर्ण शिजवायचा, कालवण करायचं, सुकं करायचं, उत्तम लागतो. आतून लाल ठेवायचा असेल तर फ्रोझन यलोफिन जातीचा ट्यूनाच घ्यायचा, हवाबंद पाकिटातला, आणि तोही अशा दुकानातून जिथे डीप फ्रीझर खरंच डीप आहे. जून-जुलैत तर प्रश्नच नाही, १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा ‘आजचाच ताजा आहे साहेब’ म्हणणाऱ्याकडे जरा बघून घ्या.

एवढी कटकट कशासाठी तर हिस्टामाइनसाठी. ट्यूना, बांगडा असल्या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, मासा नीट थंड राहिला नाही की जंतू त्याचं हिस्टामाइन करतात, आणि एकदा ते तयार झालं की शिजवून जात नाही, गोठवून जात नाही, धुऊन जात नाही. वास पण येईलच असं नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत तोंड लालबुंद होतं, डोकं ठणकतं, अंगावर पित्त उठल्यासारखं होतं. लोकांना वाटतं माशाची अ‍ॅलर्जी आहे, पण बऱ्याचदा तो मासा उन्हात पडलेला असतो.

पाकिटावर बघायचं ते असं: माशाचं नाव यलोफिन लिहिलेलं, एफएसएसएआय नंबर, पॅकिंगची तारीख, उणे १८ अंशाला साठवा अशी सूचना. आत बर्फाचे मोठे स्फटिक किंवा गोठलेल्या लाल पाण्याचं थारोळं दिसलं तर तो मासा मधे कुठेतरी वितळून परत गोठलेला आहे, सोडून द्या. ‘साशिमी ग्रेड’ (म्हणजे कच्चा खाण्याजोगा) हे विकणाऱ्याने लावलेलं नाव असतं, तेवढ्यावर जाऊ नका, पण जो दुकानदार हा शब्द वापरतो त्याला मासा कुठून आणि कसा येतो ते विचारा, उत्तर देताना चाचरला की कळतं. आणि रंगावर तर अजिबात भाळू नका. कलिंगडासारखा गुलाबी रंग बऱ्याचदा कार्बन मोनॉक्साइडचा असतो, तो वायू मारला की मासा जुना झाला तरी गुलाबीच राहतो. साधा, काही न मारलेला ट्यूना गडद लाल असतो आणि हळूहळू तपकिरीकडे जातो, तो रंग निदान खरं बोलतो.

जाडी २.५ ते ३ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या अंगठ्याच्या पहिल्या पेराएवढी. हे फार महत्त्वाचं आहे. दीड सेंटीमीटरचा पातळ काप घेतलात तर बाहेर रंग येईपर्यंत आत शिजून जातो, मग तुम्ही कितीही हुशार असा. माणशी १५० ते १८० ग्रॅम पुरतं.

थांबा: गरोदर बाई, लहान मुलं, म्हातारी माणसं, केमो किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेलं कुणी जेवायला असेल तर त्यांच्यासाठी आतून लाल मासा नको. त्यांचा तुकडा वेगळा, त्याचं शेवटी सांगतो.

आणि हे पण: ओला मासा आणून घरच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवला म्हणजे तो कच्चा खायला चालतो, असं बरेच जण समजतात. परजीवी मारायला उणे २० अंशाला सलग सात दिवस लागतात, आपला फ्रीजर दिवसातून दहा वेळा उघडतो, आइस्क्रीम मऊ पडतं त्यात. आणि गोठवण्याने सगळे जंतू मरत नाहीत, हिस्टामाइन तर जातच नाही.

## २. आदल्या रात्री: डीफ्रॉस्ट

उद्या रात्री जेवायचं असेल तर आज रात्री फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये. ओट्यावर नाही. बडोद्यात मे महिन्यात ४२-४३ अंश असतं, ओट्यावर ठेवलेल्या तुकड्याची बाहेरची बाजू अर्ध्या तासात कोमट होते आणि आत अजून दगड असतो, आणि वर सांगितलेलं हिस्टामाइन इथेच तयार होतं.

हवाबंद पाकीट आधी कापायचं. हे बहुतेकांना माहीतच नसतं. बोट्युलिनम नावाचे विष तयार करणारे जंतू हवा नसलेल्या ठिकाणी वाढतात, त्यातला एक प्रकार फ्रीजच्या गारव्यातही वाढू शकतो, म्हणून प्लास्टिकमध्ये बंद ठेवून मासा वितळवायचा नाही. तुकडा बाहेर काढा, ताटलीत किचन टिशूची घडी, त्यावर मासा, वर आणखी एक टिशू, आणि वर झाकण. फ्रीजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात मागच्या बाजूला, तिथे गारवा जास्त असतो आणि पाणी गळलं तरी दुधावर पडत नाही. बारा-पंधरा तासांत तयार. सकाळी एकदा टिशू बदला, लाल पाण्याने भिजलेला असतो.

फ्रीझरमधून काढायला विसरलात आणि पाहुणे येऊन बसले, तर त्या दिवशी सेव-उसळ मागवा. गरम पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये डीफ्रॉस्ट केलेल्या ट्यूनाच्या कडा शिजून पांढऱ्या होतात.

तपासा: संध्याकाळी तुकडा बोटाने दाबा. मधे कडक गाठ लागली तर अजून गोठलेला आहे, तसाच तव्यावर टाकलात तर आत बर्फगार राहील. वास समुद्राचा, स्वच्छ. आंबूस किंवा डोळ्यात जाणारा वास आला तर सरळ कचऱ्यात. मी एकदा ‘एवढ्या पैशाचा आहे’ म्हणून जिभेच्या टोकावर ठेवून पाहिला, मिऱ्यासारखं चुरचुरलं, तेव्हा फेकला. ते चुरचुरणं हिस्टामाइनची खूण असू शकते, पण तुम्ही चाखून बघत बसू नका, वास बिघडलाय एवढं पुरे.

## ३. आधी बाकीचं सगळं जेवण

हा टप्पा लोक उलटा करतात. मासा आधी करून ठेवतात आणि मग भात लावतात. ट्यूना वाट बघत नाही, पाच-सात मिनिटं गरम ताटलीत पडला की स्वतःच्याच गरमीने आतून करडा होत जातो.

म्हणून आधी भात. पुण्याहून कुणी येणार असेल तर इंद्रायणी मागवून ठेवा, जरा चिकट असतो, या माशाबरोबर मस्त जमतो, नाहीतर घरातला कुठलाही चालेल फक्त मोकळा फडफडीत नको. मग खमंग काकडी. हो खमंग काकडीच, मी सगळं करून बघितलंय, हॉटेलातल्यासारखा परदेशी पाला आणून बघितला, पण काकडी-दाण्याचं कूट-मिरची-जिऱ्याची फोडणी याच्याइतकं काही लागत नाही, गार, करकरीत, आणि दाण्याचा तो खमंगपणा. मीठ मात्र वाढतानाच घालायचं नाहीतर पाणी सुटतं.

वरून घ्यायचं सॉस, चार जणांना: सोया सॉस ३ मोठे चमचे, लिंबू १ चमचा, आलं किसून पिळलेला रस अर्धा चमचा, गूळ बोराएवढा, एक हिरवी मिरची बारीक चिरून, तिळाचं तेल अर्धा चमचा. मीठ नाही, सोयात भरपूर असतं. ढवळून वाटीत ठेवून द्या. हे सॉस वरून घ्यायचं आहे, मासा यात बुडवून ठेवायचा नाही.

पानं मांडा, पाणी ठेवा, पोरांना मोबाइल ठेवायला लावा. सगळे बसले की मग तवा.

## ४. मासा कोरडा करणं

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जास्त चुकणारं काम. मासा म्हटलं की आपला हात आपोआप नळाकडे जातो, तीन पाण्यांनी धुवायचा, हळद लावायची. याला धुवायचं नाही. टिशूने दाबून दाबून पुसायचा, चारही बाजूंनी, एक टिशू ओला झाला की दुसरा, टिशू कोरडा निघेपर्यंत. कारण सोपं आहे. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभराच्या वर जातच नाही, आणि मांसाला तो तपकिरी खमंग रंग यायला साधारण १४० अंश लागतात. पाणी उडून जाण्यात मिनिटभर गेला की तेवढ्यात आतला मासा उकडला.

तुकड्यात एका बाजूला गर्द काळपट-लाल पट्टा असेल तर सुरीने काढून टाका, त्याची चव उग्र आणि लोखंडासारखी असते. मांजर असेल तर तिचं नशीब.

लिंबू नाही. लिंबाने वरचा थर पांढरट होतो, तव्याच्या आधीच शिजल्यासारखा. आलं-लसूण वाटण नाही, त्यात पाणी असतं आणि लसूण करपून कडू होतो. लाल तिखट तर अजिबात नाही, इतक्या तापलेल्या तव्यावर तिखट पडलं की अख्ख्या बिल्डिंगला ठसका लागतो, हे मी दांडिया बाजारातल्या जुन्या घरात स्वतः करून दाखवलेलं आहे. लावायचं काय तर मीठ आणि जाडसर कुटलेली मिरी, तेही तव्यावर टाकायच्या अगदी आधी. आधीपासून मीठ लावून ठेवलंत तर परत पाणी सुटतं आणि सगळं पुसणं वाया.

तीळ आवडत असतील तर ताटलीत पांढरे तीळ पसरून दोन्ही मोठ्या बाजू त्यात दाबा. दिसायला झकास, पण तीळ लवकर करपतात, त्यामुळे तेव्हा आच जरा कमी ठेवावी लागते. पहिल्यांदा करताय तर तिळाशिवाय करा.

सावधान: ‘मांस रूम टेम्परेचरला आणून मग शिजवा’ असं कुठेतरी वाचलेलं असतं. ते जाड मटणाच्या तुकड्यांसाठी. इथे उलट, आत गार असणं आपल्या फायद्याचं आहे, आणि आपलं रूम टेम्परेचर म्हणजे भट्टी. पुसून झालं की तवा तापेपर्यंत मासा परत फ्रीजमध्ये.

## ५. तवा तापवणं

सपाट बुडाचा बिडाचा तवा किंवा जाड स्टीलचं पॅन. पोळीचा तवा नको, तो मधे खोलगट असतो, तेल मधे जमतं आणि माशाच्या कडा कोरड्या राहतात. नॉन-स्टिक तर नकोच नको, इतक्या आचेवर रिकामं तापवलं की त्याचा थर खराब होतो आणि त्याचा धूर नाकात जाऊ नये असा असतो.

मोठा बर्नर, पूर्ण आच, बिडाचा तवा रिकामा चार-पाच मिनिटं. खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, स्वयंपाकघराचं दार लोटून घ्या. शेजारी शाकाहारी असतील (बडोद्यात असणारच) तर आधीच खिडकी उघडली तर वास बाहेर निघून जातो, नंतर उघडली तर जिन्यात जातो, असा माझा अनुभव आहे.

तेल रिफाइंड शेंगदाण्याचं. घाण्याचं सिंगतेल चवीला कितीही छान असलं तरी लवकर धूर धरतं, ते काकडीच्या फोडणीला ठेवा. बटर, तूप नाही. आणि तेल तव्यात ओतायचं नाही, माशाला चोळायचं, प्रत्येक बाजूला पाव चमचा. तव्यात ओतलं की मासा कडेला ठेवेपर्यंत तेल जळायला लागतं, धूर दुप्पट.

तपासा: तव्यावर पाण्याचा एक थेंब टाका. नुसता चर्र होऊन बसला तर तवा थंड आहे. मोत्यासारखा गोल होऊन इकडून तिकडे पळाला की तयार. तेल लावलेला मासा टाकायच्या आधी तवा कोरडा हवा, तो थेंब उडून जाऊ द्या.

## ६. तव्यावर

मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. मनातल्या मनात मोजू नका, मनातले ४५ सेकंद दीड मिनिट होतात.

तुकडा आपल्यापासून लांबच्या दिशेला सोडत ठेवा, उलथन्याने वरून पाच सेकंद हलकं दाबा म्हणजे सगळीकडे टेकेल. मग हात मागे. हलवायचा नाही, उचलून बघायचा नाही. चिकटलाय असं वाटतं तेव्हा तो अजून रंगलेला नसतो, रंग आला की आपोआप सुटतो. एका वेळी दोनच तुकडे, चार कोंबलेत तर तवा गार पडतो आणि मासा स्वतःच्या पाण्यात शिजतो.

आता तुकड्याच्या कडेकडे बघा, वरून नाही, बाजूने. वाकून. खालून एक फिकट करडी रेघ वर चढताना दिसते, लाल भिंतीला खालून ओल चढावी तशी. ती तीन-चार मिलिमीटर चढली की उलटा. ४५ सेकंद ते एक मिनिट लागतो, पण घड्याळापेक्षा रेघेवर विश्वास ठेवा, तुमचा तवा माझ्या तव्यापेक्षा वेगळा आहे. दुसरी बाजू थोडी कमी, ४० ते ५० सेकंद. मग चिमट्याने उभा धरून बाजूच्या कडा दहा-दहा सेकंद.

मधे लाल पट्टा शिल्लक असतानाच उतरवायचा. ‘अजून जरा होऊ दे’ ही जी आतून हाक येते ना, पिढ्यान्पिढ्या मासा नीट शिजवून खाल्लेल्या लोकांची, ती ऐकायची नाही. गॅस बंद करून तव्यातच ठेवणं म्हणजे शिजवतच राहणं, बीड पंधरा मिनिटं तापलेलं राहतं. थेट गार ताटलीत.

## ७. कापणं

एक-दोन मिनिटं थांबा, फार नाही. सुरी धारदार हवी, भाजीची दातेरी सुरी नको, ती फाडते. मांसाच्या रेषा कुठल्या दिशेला आहेत ते बघा आणि त्यांना आडवं कापा, पाऊण सेंटीमीटर जाड काप. एका ओढीत कापायचं, करवत चालवल्यासारखं मागेपुढे केलं की बाहेरचा कुरकुरीत थर सुटून येतो. दर दोन कापांनी सुरी पुसा.

भातावर चार-पाच काप, बाजूला काकडी, सॉस कापांवर एक एक चमचा. वाटीतलं सगळं ओतू नका, खारट होईल.

## ज्यांना पूर्ण शिजवलेला हवा त्यांच्यासाठी

वेगळा तुकडा, पातळ चालेल, दोन सेंटीमीटरचा. आधी तसाच तापल्या तव्यावर रंग आणा, मग आच मंद, एक चमचा तेल, झाकण, प्रत्येक बाजूला दोन-अडीच मिनिटं. मधे तापमान ६३ अंश व्हायला हवं, थर्मामीटर नसेल तर मधे काट्याने उकलून बघा, कुठेही लाल अर्धपारदर्शक दिसायला नको, पाकळ्या सुटायला हव्यात. कोरडा होणारच, म्हणून सॉस दुप्पट घाला. आमच्या आईला हाच आवडतो, त्यावर लसणाची चटणी घेऊन. गरोदर बाईंच्या बाबतीत शिजवूनही मोजकाच, ट्यूनात पारा असतो आणि तो शिजवण्याने जात नाही, डॉक्टरांना विचारून काय ते ठरवा.

## उरला तर

अर्धकच्चा उरलेला मासा तासाभराच्या आत फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी तो परत लाल म्हणून खायचा नाही. हाताने कुस्करा, कांदा-टोमॅटो-मालवणी मसाल्यात पूर्ण शिजवून सुकं करा, पावाबरोबर सकाळच्या नाश्त्याला उडतो. आणि बिडाचा तवा साबणाने घासत बसू नका, गरम असतानाच मूठभर जाडं मीठ टाकून कापडाने चोळा, धुवा, गॅसवर कोरडा करून तेलाचा हात फिरवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी धिरड्याला कुप्याचा वास येतो आणि घरातलं उपासाचं माणूस तुमच्याशी दोन दिवस बोलत नाही.